आठ तारांचा जोड

'नेट स्लो चाललंय' हे वाक्य मी कुठे कुठे ऐकलंय ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. लग्नात ऐकलंय, दशक्रियेला ऐकलंय. एकदा दाढ काढायला खुर्चीत आ वासून बसलो होतो, तर हातात पक्कड घेतलेल्या डॉक्टरनंच तक्रार सांगायला सुरुवात केली. मला हो-नाही म्हणायचीही सोय नव्हती. मी भूगावला राहतो आणि मुळशी तालुकाभर वायरी ओढत फिरतो. आधी केबल टीव्हीच्या ओढल्या, आता इंटरनेटच्या ओढतो. लोकांना माझं नाव माहीत नसतं. 'नेटवाले' म्हणून हाक मारतात आणि मीही ओ देतो.

लोकांना वाटतं, नेट हळू झालं म्हणजे कंपनीनं मागून नळ बारीक केला. कधी कधी तसं असतंही. पण बरेचदा दुखणं घरातच असतं. रस्त्यावरच्या खांबावरून काचेची बारीक तार घरात येते, ती भिंतीवरच्या एका पेटीत शिरते आणि पेटीतून पुढे तांब्याची वायर कॉम्प्युटरपर्यंत जाते. पेटीपासून सुरुवात करायची, एकेक टप्पा पुढे सरकायचं आणि वेग नेमका कुठे मरतो ते शोधायचं, एवढंच आमचं काम. त्याला फार अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. आणि घरातल्या माणसांचं नीट ऐकून घ्यावं लागतं, जे आमच्या धंद्यात भल्याभल्यांना जमत नाही.

भूगावातच एका बंगल्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांचं नेट फक्त त्यांचे मेव्हणे आले की रांगायला लागायचं. मेव्हणे फोनवर काहीतरी डाउनलोड करतात असा त्यांचा पक्का संशय होता आणि त्यावरून घरात अबोला व्हायची वेळ आली होती. मी जाऊन पाहिलं, तर कॉम्प्युटरची वायर दिवाणाच्या पायाखालून नेलेली. मेव्हणे अंगानं चांगले भरलेले, आणि बसायची त्यांची जागा ठरलेली. ते बसले की वायर चेपायची. मी वायर काढून भिंतीकडेनं नेली आणि मेव्हण्यांची अब्रू वाचली.

असलं काही आता कुणी शोधत बसत नाही. टोल-फ्रीवरची मुलगी 'बंद करून चालू करा' म्हणते. तरी जमलं नाही तर कोणीतरी येतं, पेटी बदलतं, तक्रार मिटल्याची नोंद करायला ग्राहकाच्या फोनवर आलेला आकडा मागून घेतं आणि निघून जातं. वायरीकडे वळून पाहत नाही. या गोष्टीचा मला मनापासून राग येतो आणि त्याहून जास्त वाईट वाटतं, कारण वायर म्हणजे कुणाच्या तरी हाताचं काम असतं. ते पाहिलं की ज्यानं केलं तो माणूस कळतो. असाच एक माणूस मला कासारसाईला कळला, त्याची हकिगत सांगतो.

त्या घरातून मला स्वातीचा फोन आला. ती घरातली सून. पहिलंच वाक्य होतं, "काका, माझं नेट स्लो नाहीये. वायर स्लो आहे."

मी गाडी कडेला घेतली. इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

"मी कॉम्प्युटर उचलून पुढच्या घरात पेटीपाशी नेला," ती म्हणाली. "तिथे छोट्या वायरनं जोडला तर शंभरचा वेग मिळतो. माझ्या खोलीत लांब वायरला जोडला तर चार, फार तर पाच. कॉम्प्युटर तोच. छोटी वायर बदलून पाहिली, पेटीचं दुसरं भोक वापरून पाहिलं, मागे चालणारे अपडेट बंद केले. काही फरक नाही. आणि गोठ्याजवळची मोटर चालू असली की आणखी अडकतं."

मी जे करायला गेलो असतो त्यातलं निम्मं तिनं घरकाम सांभाळून आधीच उरकलं होतं. मी तिला म्हटलं, "ताई, तुम्ही आमच्या धंद्यात या." ती हसली नाही. म्हणाली, "काका, माझी नोकरी जायची वेळ आलीये."

घराची मांडणी अशी: रस्त्याला लागून पुढचं घर, मधे अंगण, अंगणाच्या एका कडेला गोठा आणि पलीकडे नव्या बांधलेल्या दोन खोल्या. एका खोलीत सासूबाईंची खाट. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, बोलणं गेलेलं. दुसऱ्या खोलीत स्वातीचा कॉम्प्युटर, आणि मधलं दार कायम उघडं. विम्याच्या कंपनीसाठी दवाखान्यांची बिलं तपासायचं तिचं काम. एक बिल तपासून झालं की उठायचं, सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, परत येऊन बसायचं. नवरा संतोष हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवतो, तो पहाटे बाहेर पडतो. सासरे शेतात.

कंपनीची अट होती की वायरलाच जोडून काम करायचं, वायफाय चालणार नाही. आणि गेले काही आठवडे ती वायर दगा देत होती. लाइन तुटली की अर्धं तपासलेलं बिल बंद व्हायचं आणि तिच्या नावापुढे 'कामाच्या वेळेत जागेवर नाही' असा शेरा पडायचा. तिनं समजावून सांगितलं, पण वरच्यांना ते बहाणे वाटले. आता सोमवारी तिच्या मॅडम स्वतः तासभर तिच्या लाइनवर बसणार होत्या. लाइन टिकली तर घरून काम चालू. नाही टिकली तर खराडीच्या ऑफिसात जायचं. कासारसाईहून खराडी म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं, रोज जाऊन-येऊन. मग सासूबाईंना कोण बघणार? म्हणजे नोकरी सोडायची, असाच त्याचा अर्थ होता.

मी रविवारी सकाळी पोचलो. अंगणात सासरे उभे होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना मी ऐकून ओळखत होतो. कासारसाईच्या धरणाच्या कडेनं लोकांनी पाण्यात मोटरी सोडल्यात. त्यांच्या केबलला जोड मारायचा तर आबांनीच, असा त्या भागातला रिवाज. पाण्याखालचा जोड म्हणजे पोरखेळ नव्हे. थेंबभर पाणी आत शिरलं तर मोटर जळते आणि उभं पीक वाळतं. आबांनी मारलेल्या जोडात पाणी शिरलं असं कुणी सांगत नाही.

मी कामाला लागलो. स्वातीनं केलेल्या तपासण्या मी पुन्हा करून पाहिल्या. तिच्यावर अविश्वास नव्हता, हाताची सवय. सगळं ती म्हणाली तसंच निघालं. मग वायरीच्या दोन टोकांना तपासणीचं यंत्र लावलं. या वायरीत आठ तारा असतात. एकेका तारेतून वीज पोचली की यंत्रावरचा एकेक दिवा लागतो. आठही दिवे ओळीनं लागले. एकही चुकला नाही.

मी कपाळाला हात लावला. दिवा लागला नसता तर तार तुटली असं म्हणता आलं असतं. इथे वायर धडधाकट दिसत होती आणि काम मात्र आजाऱ्याचं करत होती. मी माझा स्वतःचा लॅपटॉप लावून पाहिला. तोच रडका वेग.

"वायर चांगली हाय," आबा मागून म्हणाले. "दिवं लागत्यात की समदं."

"दिवे लागतात आबा, पण वायर चांगली नाही," मी म्हणालो.

वायर अंगणाखालून, पाइपातून गेलेली. दोष जमिनीत कुठेतरी होता आणि अख्खं अंगण उकरायला वेळ नव्हता. मी संतोषला म्हटलं, "खालची वायर राहू दे तिथंच. मी वरून नवी नेतो, स्लॅबवरून."

संतोषला ते पटलं नाही. "वरनं नेली तर लाइटीच्या तारंखालनं जाईल. आन हितं ईज लई पडती. गेल्या साली शेजारच्यांचा टीव्ही गेला." त्याचं खरं होतं. मलाही ते आवडत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अकराला मॅडम लाइनवर येणार होत्या, तेव्हा आवडीनिवडीला जागा नव्हती.

स्वातीनं चहा आणला. चहा घेता घेता तिनं विचारलं, "काका, आठही तारा पोचतात, मग वेग जातो कुठे?"

प्रश्न इतका नेमका होता की मला राहवलं नाही. पिशवीतून वायरीचा तुकडा काढला, वरचं कव्हर सोललं आणि आत दाखवलं. आठ तारा सुट्या नसतात. दोन दोन तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. एका जोडीचा घट्ट, दुसरीचा थोडा सैल, प्रत्येकीचा वेगळा. शेजारच्या जोडीतलं बोलणं हिच्यात शिरू नये, बाहेरच्या विजेचा उपद्रव होऊ नये, म्हणून हा पीळ. तो सुटला तरी वीज पोचते, पण बोलणं गढूळ होतं. मग पलीकडचा म्हणतो, पुन्हा सांग. हा पुन्हा सांगतो. तो म्हणतो, अजून कळलं नाही. या पुन्हा-पुन्हात सगळा वेग जातो.

"म्हणून मोटर चालू असली की जास्त अडकतं," स्वाती लगेच म्हणाली. "मोटरची केबल शेजारनंच गेलीये."

मी मान हलवली. आबा चहाचा कप हातात धरून बसले होते. त्यांनी तो वायरीचा तुकडा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. अंगठ्यानं एका जोडीचा पीळ हलकेच उकलला, परत घातला.

"आन ह्यो पीळ हातभर काडला तर?" त्यांनी विचारलं.

"मग संपलंच की आबा."

आबांनी कप खाली ठेवला. त्यात चहा तसाच होता. उठले, गोठ्यामागं गेले, कुदळ घेऊन आले. अंगणात गोठ्याच्या कोपऱ्यापाशी गेले, पायानं जागा चाचपली आणि खणायला सुरुवात केली. संतोष ओरडला, "आबा, काय करताय?" आबा खणत राहिले. हात-दीड हात खोल गेल्यावर गुडघ्यावर बसले, हातानं माती सारली आणि म्हणाले, "नेटवाले, हितं या."

खाली मूळ पाइप मधेच कापला गेला होता आणि त्यावर जाड पाइपाचा तुकडा चढवून दोन्ही तोंडं लांबी भरून, पाणी शिरू नये अशी बंद केलेली होती.

"हे मी केलंय," आबा म्हणाले. "हिच्यासाठी," त्यांनी सासूबाईंच्या खोलीकडं हात केला, "आत संडास बांधला न्हाई का, त्याचा पाइप टाकत हुतो. टिकाव बसला, वायर तुटली. संतोष बोंबलंल म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. दुपारच्याला जोड मारला. नेट चालू झालं, मला वाटलं झालं काम."

आम्ही तो जाड पाइप उकलला. मी खरं सांगतो, आतला जोड बघून मी राग, घाई, सोमवार, सगळं विसरलो. पाण्यातल्या मोटरीचा जोड असतो तस्सा. वायर दोन्हीकडून वीतभर सोललेली. रंगाला रंग जुळवून आठही तारा जोडलेल्या, पण कुठलेही दोन सांधे शेजारी नाहीत. एक इथे, दुसरा बोटभर पुढे, तिसरा त्याच्याही पुढे, म्हणजे एकमेकांना चिकटायला नकोत. प्रत्येक सांध्यावर स्वतंत्र टेप. सगळ्यांवर मिळून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळलेली. वरून एवढा पाऊस होऊन गेला तरी आत ओल नव्हती. केसासारख्या त्या तारा, आणि त्या जाड बोटांनी चष्मा लावून हे केलेलं.

त्या नीटसपणापायीच सगळं बिघडलं होतं. सांधे लांब लांब ठेवायचे म्हणून आबांनी चारही जोड्यांचा पीळ पूर्ण सोडून तारा मोकळ्या, सरळ केल्या होत्या. एखाद्या वेंधळ्यानं बोटभर सोलून गचाळ गाठ मारली असती तर ती कदाचित बरी चालली असती. मोटरीला लागते ती वीज, आणि वीज या जोडातून बिनतक्रार गेली असती. आबांनी आयुष्यभर ज्या नियमानं काम केलं तो नियम इथे उलटा पडला.

आणि मला आणखी एक गोष्ट कळली, तिनं मी जागच्या जागी थांबलो. आबा गप्प बसले असते तर? मी वरून वायर नेली असती. जोड तसाच मातीत राहिला असता आणि कुणाला कधी कळलं नसतं. चहा संपवून शेतात जायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. पिळाचं कळल्याबरोबर हा माणूस उठला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उकरून दाखवायला बसला. मी एवढी घरं फिरलो. पेटी फुटली तर मांजरानं पाडली, वायर तुटली तर उंदरानं खाल्ली. 'मी केलं' म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो.

संतोषला मात्र ते दिसत नव्हतं. त्याचा पारा चढला. "आबा, तवाच बोलला असता तर! हिची नोकरी चाल्ली हुती, आन तुमी..."

"अहो, गप्प बसा," स्वाती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण संतोष थांबला. "तुम्ही ओरडाल म्हणून तेव्हा बोलले नाहीत. आज बोललेत तर आज तरी ओरडू नका."

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते मातीचे हात झटकत बसले होते.

पण आबांनी उकरल्यामुळे काम सोपं झालं होतं. पाइप तेवढ्या एकाच जागी कापलेला, बाकी शाबूत. मग वरून कशाला न्यायची? जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून पाइपातून ओढायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला संतोष. अर्ध्यात वायर अडली. मी जोर लावायला निघालो तर आबांनी मनगट धरलं. "वढू नगा. पीळ बिगडंल." तासाभरापूर्वी कळलेली गोष्ट ते मला शिकवत होते, आणि शिकवणं बरोबर होतं. त्यांनी साबणाचं पाणी पाइपात सोडलं, मागून वायर हलकी हलकी आत लोटत राहिले आणि मला म्हणाले, आता घ्या. वायर सरसर आली.

टोकांना प्लग मी बसवले. प्रत्येक जोडीचा पीळ अगदी प्लगच्या तोंडापर्यंत ठेवला. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. स्वातीनं वायर खोचली. कॉम्प्युटरमागचा पिवळा दिवा हिरवा झाला, वेग पेटीपाशी मिळत होता तेवढाच मिळाला. तिनं गोठ्याजवळची मोटर चालू करायला सांगितली आणि पुन्हा पाहिलं. तेवढाच.

सोमवारी मला पौडला काम होतं. भूगावहून पौडला जाताना कासारसाई वाटेत लागत नाही, पण त्या दिवशी लागली. मी पोचलो तेव्हा मॅडम लाइनवर आल्या होत्या. स्वाती कानाला हेडफोन लावून बिलं तपासत होती. मधल्या दाराशी आबा बसले होते. शेतात गेले नव्हते. आतून सासूबाईंनी हूं केलं की आबाच उठून जात, पाणी पाजत, अवघडल्या हातांनी कुशीवर वळवत. स्वाती अर्धवट उठायला लागली की हातानंच तिला बस म्हणून खुणावत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि चक्क देवाचं नाव घेतलं, जे मी वायरीसाठी कधी घेत नाही.

तास सरला. स्वातीनं हेडफोन काढला आणि मॅडमचा आवाज स्पीकरवर घेतला, आम्हालाही ऐकू यावा म्हणून. मॅडम म्हणत होत्या, "छान. एकदाही तुटली नाही. असंच ठेवा, घरून काम चालू ठेवायला हरकत नाही."

स्वातीनं डोळे मिटून घेतले. मी गाडीची किल्ली खिशातून काढली. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं.

आबांच्या दृष्टीनं संपलं नव्हतं. ते उठून कॉम्प्युटरपाशी गेले. "ह्यात बोललं तर त्यांना ऐकू जातं का?" त्यांनी स्वातीला विचारलं.

"आबा, राहू द्या," ती हळूच म्हणाली. तिला कळलं होतं.

आबा स्क्रीनकडं वाकले आणि माळावरच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात बोलले. "मॅडम, मी हिचा सासरा बोलतुया. पोरगी जाग्यावर न्हवती म्हणून तुमी शेरं मारलंत. ती जाग्यावरच हुती. वायर मी तोडली हुती, टिकावानं. जोडली बी मीच, आन चुकीची जोडली. तिचा काय बी दोष न्हाई. तेवढं शेरं फुसून टाका."

मला वाटलं, नेमकी आत्ताच लाइन गेली की काय. मग मॅडमचा आवाज आला, आणि तो मघासारखा ऑफिसातला नव्हता.

"हो आजोबा. काढते. आजच काढते."

"थँक्यू, मॅडम," स्वाती म्हणाली.

आबा अजून वाकलेलेच होते. "बरं," ते म्हणाले. "मग ठेवा आता. तिला कामं हायेत."